तोरणाखालचा कोंबडा

पोळ्याच्या आदल्या दिवशी जावई घरी आला, की तो पुरणपोळीसाठी आला असे धरून चालायची रीत आहे. खुशालराव अकोल्याहून आले, पायांवर पाणी घेतले आणि थेट मागच्या वखारीत गेले. तेव्हाच त्यांचे थोरले मेहुणे वामनराव मेहरे समजले, की जावयाची भूक वेगळी आहे.

वखार संत्र्यांची. बाग निघाली की इथे गवतावर संत्री पसरायची, आणि त्या वासाने माळटाकळीतून परतवाड्याकडे जाणारे बैलबंडीवाले सडकेवर थांबायचे. आता तिथे संत्री नव्हती. तीन मोटरी होत्या. फ्रान्स देशातल्या मार्सो कंपनीच्या, हिरव्या, लांब नाकाच्या, आणि त्या नाकाच्या शेंड्यावर पितळेचा कोंबडा. साऱ्या वऱ्हाडाची एजन्सी वामनरावांकडे होती. म्हणजे बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत कोणालाही मार्सो घ्यावीशी वाटली, तर त्याला माळटाकळीलाच यावे लागले असते. अजून कोणाला वाटले नव्हते.

वामनरावांनी प्रयत्न सोडला होता असे मात्र नाही. स्वराज्यवाल्यांना ते सांगत, ही मोटर इंग्रजांची नाही. कमिशनर कचेरीतल्या साहेबांना सांगत, ही जर्मनांची नाही. दोघांनाही ते पटे आणि दोघेही अमेरिकन मोटर घेत. कारण वऱ्हाडातल्या बंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मातीत ज्या चाकोऱ्या पाडून ठेवल्या, त्यांत अमेरिकन मोटरीची दोन्ही चाके बरोबर बसत. मार्सो चार बोटे अरुंद. तिचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे वरंब्यावर. आत बसलेला माणूस शेजाऱ्याची चुगली ऐकत असल्यासारखा सदा एका बाजूला कललेला दिसे.

खुशालरावांनी मोटरीच्या टपावर टिचकी मारली. कलिंगड घेताना मारतात तशी.

"वामनराव, राग नका मानू. पन ही गाडी नाई. हे उदबत्तीचं घर हाये."

"राग कायचा? जवायाची शिवी आमी वोवाळनीत धरतो," वामनराव म्हणाले.

"मी भल्यासाठी बोलून राह्यलो. कंपनीचे मुंबईचे पेस्तनजी उद्या येऊन राह्यले. काहून येऊन राह्यले, हे तुमाले मालूम हाये. उद्या दिवस बुडेपर्यंत एक तरी गाडी खपली नाई, तं एजन्सी गेली. अन् ते कोठं जाईन, हे बी मालूम हाये."

"अकोल्याले."

"म्हंजे आपल्याच घरात राह्यली म्हना ना!" खुशालराव जवळ सरकले. अकोल्यात त्यांचे अमेरिकन मोटरींचे दुकान होते आणि जिनिंगवाले शेटजी तिथे बसायला येत. "हा कोंबडा उपटून टाकू. त्याच्या जागी दुसरा बिल्ला ठोकू. कमी-जास्त भावात निंगून जाईन माल. अन् तुमी कायले उन्हातान्हात फिरता? अकोल्याले या. आमच्या दुकानात बसा. आल्यागेल्या गिऱ्हाइकाले पानी-गिनी..."

खुशालराव तिथेच थांबले. पण 'पानी-गिनी' थांबले नाही. ते वखारभर फिरून वामनरावांच्या कानात येऊन बसले. मेहऱ्यांच्या घरातल्या फुलांशिवाय एकेकाळी अमरावतीत लग्न लागत नसे, आणि त्या घरच्या थोरल्याने आता बहिणीच्या नवऱ्याच्या दुकानात तांब्या-फुलपात्र घेऊन उभे राहायचे!

"पोळा होऊ द्या. मंग पाहू," एवढेच ते म्हणाले.

जेवणात मात्र कोणी थांबायला तयार नव्हते. धाकटा भाऊ शालिकराम गेल्या वर्षापासून वखारीसाठी कुरकुरत होता. त्याला आज जावयाचे बळ मिळाले.

"दादा, आपल्या बापजाद्यानं गेंद लावला, शेवंती लावली, वांगे लावले, संत्रा लावला. जे लावलं ते उगवलं. हे एकच अशी चीज हाये का वर्षभर पानी घातलं तरी हालून नाई राह्यली."

"संत्र्याले बी पाच साल लागते," वामनराव म्हणाले.

"संत्रा तं सडते तरी! खत तरी होते!"

खुशालराव हसले. त्यांची बायको जमुना, म्हणजे वामनरावांची धाकटी बहीण, पोळी वाढत होती. तिनेही नवऱ्याचीच री ओढली.

"दादा, हट्ट सोड. अकोल्याचे लोक मले इचारते, तुह्या भावाचा कोंबडा आरवला का? म्या काय सांगू?"

"सांग का अजून पाहाट नाई झाली."

स्वयंपाकघराच्या दारात वामनरावांची बायको पार्बताबाई उभी होती. ती मोटरीच्या बाजूने आजवर एक शब्द बोलली नव्हती आणि विरुद्धही नाही. तिने फक्त विचारले, "उद्या पोळ्यात गाडी निंगन का?"

"निंगन," वामनराव म्हणाले. "शेषराव देशमुख बसनार हायेत."

ताटावरचे सगळे हात थांबले.

शेषराव देशमुख गावचे मानकरी. पोळ्याचे तोरण त्यांच्या बैलजोडीने तोडायचे, हा मान भोसल्यांच्या काळापासूनचा. माणूस पैशाला जड, बोलायला जड आणि बसायलाही जड. मार्सोत ते एकदा बसून पाहून उतरले होते आणि त्यांनी जे कारण दिले, ते पेस्तनजींच्या फ्रेंच पुस्तकात कुठेच नव्हते.

"वामन्या," ते म्हणाले होते, "बैलाच्या रेंगीत बसलो का मले गावाच्या टोप्या दिसते. तुह्या गाडीत बसलो, तं गावाचे गुडघे दिसून राह्यले. माहा सालदार बंडीवर बसून माह्या टकुऱ्याकडं पाह्यते अन् मी त्याच्या टाचा पाह्यतो. हे कोन्या देशाचं राज्य?"

यावर वामनरावांनी उपाय काढला होता. अकोल्याच्या कापसाच्या चार गाद्या मागच्या बैठकीवर एकावर एक रचायच्या आणि टप काढून टाकायचा. शेषरावांनी विचार करून सांगितले होते, "पोळ्याच्या दिवशी बसून पाहीन. टेकाडावरून तोरनापर्यंत. उंच वाटलं तं घेईन. तोरनाच्या आंधी मात्र थांबव. तठून मी माह्या बैलासंगं पायी जाईन."

"गाद्या अकोल्याच्या?" खुशालरावांनी विचारले. "मंग निदान कापूस तं आमचा खपला."

त्या संध्याकाळी वामनराव गाद्यांची उंची विचारायला देशमुखांकडे गेले आणि घरी खांदशेकणी झाली. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकायचे, हळद कालवलेले तूप चोळायचे आणि त्यांच्या कानात सांगायचे: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. घरचे बैल झाले. वाटीत तूप उरले. पार्बताबाईने वाटीकडे पाहिले, वखारीकडे पाहिले, आणि दीराला विचारले,

"शालिकभाऊजी, मोटरीचा खांदा कोनता?"

शालिकराम बैलांची शिंगे रंगवीत होता. त्याने मान वर न करता उत्तर दिले. "चाक वोढते ना वयनी? मंग चाकापाशीच असन."

पार्बताबाईने मागच्या दोन्ही चाकांच्या आतली ती गोल लोखंडी डबडी आणि त्यांच्यावरचा पट्टा मन लावून चोळला. चांगला हात घालघालून चोळला. घरच्या म्हशीचे तूप होते. मग चाकाशी वाकून, कोणी ऐकत नाही असे पाहून, तिने मोटरीलाही आवतन दिले.

पोळ्याच्या दिवशी माळटाकळी रंगात होती. मारुतीपुढच्या दोन कडुनिंबांना आंब्याच्या पानांचे तोरण ताणले होते. त्याच्या एका अंगाला बैलांच्या जोड्या ओळीने उभ्या, झुली घातलेल्या, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगे. सगळ्यांत पुढे देशमुखांची पांढरी जोडी. तोरण होते टेकाडाच्या पायथ्याशी. पेस्तनजी अमरावतीहून भाड्याच्या मोटरीने आले होते. ती अमेरिकन निघाली, याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. त्यांना कडुनिंबाखाली खुर्ची दिली होती आणि त्यांच्या शेजारची खुर्ची खुशालरावांनी घेतली होती.

झडत्या सुरू झाल्या होत्या. पोळ्यात ज्याला ज्याची उणीदुणी काढायची, त्याने ती यमक जुळवून, महादेवाच्या साक्षीने काढावी, आणि ऐकणाऱ्याने रागावू नये, असा कायदा आहे. कोणीतरी हात वर करून ओरडले:

"फरांसचा कोंबडा आला समिंदर वलांडून,
वखारीत बसून राह्यला पंख दुमडून,
गिऱ्हाईक म्हने आरव, तं पाहे मान मुरडून,
एक नमन गौरा पारबती..."

"हरबोला हर हर महादेव!" सारा गाव गरजला. पेस्तनजींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, देवाचे काही चालले आहे.

टेकाडावर वामनरावांनी ते सगळे ऐकले. ते चक्रापाशी बसले होते; वखारीपासून इथवर सारा चढच होता. मागे चार गाद्यांवर शेषराव देशमुख, भगवा फेटा बांधून, देव्हाऱ्यातल्या गणपतीसारखे.

"कसं वाटते देशमुखसाहेब?"

शेषरावांनी चारी बाजूंना पाहिले. टोप्या दिसत होत्या. टोप्याच काय, समोरच्या घराच्या कवेलूंवर वाळत घातलेल्या मिरच्याही दिसत होत्या.

"उंच हाये," ते म्हणाले, आणि फेटा सावरून पुढे म्हणाले, "चाल."

मोटर निघाली. टेकाड अर्धे उतरली तेव्हा गावाने मान वळवली. झांजा थांबल्या. मोटर एका बाजूला कलली होती, पण शेषराव दुसऱ्या बाजूला रेलून बसले होते, त्यामुळे दोघे मिळून सरळ दिसत होते. वामनरावांनी मनात मापले: त्या बोरीच्या झुडपापाशी ब्रेक लावायचा, तोरणाच्या अलीकडे थांबायचे, उतरून दार उघडायचे.

बोरीचे झुडूप आले. त्यांनी ब्रेक लावला. बोरीचे झुडूप गेले.

पायाखालचा खटका इतका गुळगुळीत, इतका प्रेमाने खाली गेला, की वामनरावांना क्षणभर बरे वाटले. मग त्यांनी हाताचा दांडा ओढला. तोही आला, लोण्यातून सुरी यावी तसा.

"वामन्या, थांबव आता."

"थांबवतो."

"वामन्या, तोरन आलं!"

"मले बी दिसून राह्यलं, साहेब!"

गाव दुभंगले. बैलांनी शिंगे उडवली. पितळेचा कोंबडा तोरणाखालून सुखरूप गेला, कारण मार्सो मोटर बुटकी होती, आणि याच गोष्टीसाठी शेषरावांनी तिला नावे ठेवली होती. पण शेषराव चार गाद्यांवर होते. तोरण त्यांच्या छातीला लागले, ताणले आणि काडकन तुटले. फेटा एका कडुनिंबाला लोंबकळला, आंब्याची पाने देशमुखांच्या गळ्यात पडली आणि मोटर मारुतीपुढच्या काळ्या चिखलात नाक खुपसून उभी राहिली.

पांढऱ्या जोडीतला एक बैल हंबरला.

मग खुशालराव खुर्चीवरून उठले. "ब्रेक नाई!" ते ओरडले. "पाह्यलं का पेस्तनजी? गाडीले ब्रेकच नाई!"

शेषराव गाद्यांवरून उतरत होते. बोडक्या डोक्याचे देशमुख माळटाकळीने आजवर पाहिले नव्हते, आणि आता पाहावे की पाहू नये, हे कोणाला कळत नव्हते. "वामन्या," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त वाईट. "भोसल्यापासूनचा मान होता. माह्या बैलाच्या आंधी तुह्या डब्यानं तोरन तोडलं."

खुशालराव वामनरावांच्या कानाशी आले. "अजून बी टाइम हाये. सांगून टाका, गाडीच खराब, कंपनीनं फसवलं. देशमुख मोकळे, तुमी मोकळे. राह्यलेलं मी पाह्यतो."

पेस्तनजी तोवर चिखलात उकिडवे बसून मागच्या चाकात हात घालत होते. त्यांनी बोट बाहेर काढले. बोट पिवळे होते. त्यांनी त्याचा वास घेतला आणि चेहरा असा केला, की आता ते चाटून पाहतात की काय असे वाटले.

"वामनराव, हमको कंपनी को रिपोर्ट देना मंगता. ये ब्रेक पे क्या है? घी है?"

गर्दीतून एक बाई पुढे आली. पार्बताबाई होती. तिचा चेहरा पाहून वामनरावांना सगळे एकदम समजले: काल संध्याकाळची वाटी, हळद, आवतन.

"म्या लावलं," ती म्हणाली. "खांदा शेकला."

आधी एक हसले. मग दहा हसले. मग बैल सोडून सगळे हसले. "मोटरीची खांदशेकनी!" कोणीतरी किंचाळले. "मंग शेपटी बी रंगवाची व्हती!"

"वयनीले नका हसू," शालिकराम मधेच ओरडला. "खांदा चाकापाशी असते म्हनून म्या सांगतलं." पण त्या हसण्यात त्याचे कोण ऐकतो.

वामनरावांसमोर वाटा होत्या. कंपनीवर ढकलायचे, तर अकोल्याला जाऊन पाणी द्यायचे. बायकोवर ढकलायचे, तर ते फार सोपे होते. हसणारे तिच्याकडेच बोट दाखवत होते आणि नवऱ्याने नुसती मान खाली घातली असती तरी भागले असते. ती पदराने हात पुसत उभी होती. तुपाचा हात काल पुसला होता, तरी.

ते मोटरीच्या पायरीवर चढले.

"हो," ते म्हणाले. "तूप लावलं. माह्या घरच्या म्हशीचं हाये, बाजारचं नाई. माह्या बायकोनं काल ह्या गाडीले आवतन देल्लं, का उद्या जेवाले ये. अन् ते आली. जरा घाईनं आली."

हसणे चालूच होते, पण आता त्यात ऐकणे मिसळले.

"खुशालराव, तुमच्या अकोल्यात अमेरिकन गाड्या मायंदाळ धावून राह्यल्या. त्यातल्या एकीच्या तरी चाकाले कोनी घरचं तूप लावलं असन, कोनी तिले जेवाले बोलावलं असन, तं सांगा. मी आताच्या आता एजन्सी सोडतो. कोंबडा माह्या हातानं उपटून देतो." ते थांबले. खुशालराव पेस्तनजींकडे पाहू लागले. "जे माह्या दारात राबते, त्याचा खांदा माह्या घरात शेकल्या जाते. चुकलं म्हनता? चुकलं असन. पुढच्या पोळ्याले बी चुकू. फक्त खांदा नीट इचारून घेऊ. पेस्तनजी, लिहा तुमच्या रिपोर्टात: ब्रेक चांगला हाये, तूप त्याहून चांगलं हाये."

पेस्तनजी लिहू लागले. वामनराव हे चिडवायला म्हणत होते, पण लिहिणाऱ्याला ते कळले नाही.

"ते तुहं तूप तुहापाशी ठेव," शेषराव म्हणाले. "माह्या मानाचं काय?"

आणि इथे जमुना पुढे झाली. काल जेवताना भावाला हट्ट सोड म्हणणारी तीच जमुना. तिने नवऱ्याकडे पाहिलेही नाही.

"शेषकाका, मी लहानपनापासून या पोळ्यात आली. एक इचारू? तोरन तोडलं कोनं?"

"ह्या डब्यानं."

"डबा तं खालून गेला काका. कोंबड्याले पान बी लागलं नाई. तोरन तुमच्या छातीनं तुटलं. साऱ्या गावानं पाह्यलं. आजपर्यंत देशमुखाइच्या बैलानं तोरन तोडलं, आज खुद्द देशमुखानं तोडलं."

शेषरावांनी गळ्यातल्या पानांकडे पाहिले. हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

"आता येवढंच सांगा, गाडी कोनाची?" जमुना पुढे म्हणाली. "आपल्या गावचा रिवाज तुमालेच मालूम. तोरनाखाली आपलाच बैल लागते. मांगून आनलेल्या बैलावर तोरन तुटलं, तं मान बैल ज्याचा त्याचा. गाडी माह्या भावाची असन, तं आजपासून मान मेहऱ्याइचा. आमी माळी मानसं, आमाले चालते. पुढच्या पोळ्याले आमची जोडी पुढं उभी करू."

शेषराव बोडक्या डोक्याने उभे राहिले. त्यांनी पांढऱ्या जोडीकडे पाहिले, शालिकरामाच्या तांबड्या, शिंगे रंगवलेल्या जोडीकडे पाहिले. शालिकरामाने छाती किंचित पुढे काढली. कालपर्यंत त्याला वखार हवी होती. आता त्याला बरेच काही हवेसे वाटू लागले होते.

"गाडी कोनाची म्हंजे?" शेषराव अखेर गरजले. "माहीच हाये!"

"कंदीपासून?" खुशालरावांनी न राहवून विचारले.

"टेकाडावरून निंगाच्या आंधीपासून! वामन्याले इचारा! म्या उंच हाये म्हनलं का नाई? उंच हाये म्हंजे घेतली!" आणि मग फेट्याकडे हात करून, "अन् ते माहं डोकं कोनी झाडावरून काढता का नाई?"

जमुनाने हात वर केला. बाईमाणसाने झडती म्हटल्याचे गावात कोणाला आठवत नव्हते, म्हणून कोणी तिला अडवायलाही तयार नव्हते.

"मोठ्या मोठ्या मोटरी उभ्या राह्यल्या दूर,
तोरनाखालून गेला कोंबडा उडवत गेला धूर,
माह्या भावाच्या कोंबड्यापुढं कोनती गाडी शूर?
एक नमन गौरा पारबती..."

"हरबोला हर हर महादेव!" आणि यात सगळ्यांत मोठा आवाज पेस्तनजींचा होता. त्यांना पहिल्यांदाच अर्थ कळला होता.

"एजन्सी यहीच रहेगा, वामनराव," ते म्हणाले. "लेकिन देशमुखसाब घर कैसे जायेंगे?"

तो प्रश्न होता. देशमुखांचे घर नाल्याच्या अंगाला, खडी उतरण. स्वतःच्या मोटरीतून स्वतःच्या दारी जायचे, असे शेषरावांनी फेटा बांधता बांधता जाहीर केले होते. ब्रेक तुपात होता. तो उद्या राखेने घासून निघाला असता, पण मिरवणूक आजची होती. कोणीतरी म्हणाले, मागे बैल बांधा, तेच गाडी धरतील. तशी पार्बताबाई कडाडली, "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोनी भार घालते का? मानसं मेली काय?"

माणसे मेली नव्हती. दहाजणांनी मोटर चिखलातून मागे ओढून काढली. शालिकराम विहिरीवर धावला आणि मोटेचा जाड नाडा घेऊन आला. मोटरीच्या मागच्या लोखंडाला तो पक्का बांधला. एक पदर शालिकरामाने धरला. दुसऱ्या पदरासाठी त्याने इकडेतिकडे पाहिले. जमुनाने तो उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"मी?" खुशालराव म्हणाले. त्यांच्या अंगावर रेशमी काठाचे धोतर होते. "मी जवाई मानूस हाये, जमुना!"

"म्हनूनच तं. घरच्या गाडीले परका मानूस कायले लावू?"

मोटर निघाली. चक्रावर वामनराव. गाद्यांवर देशमुख, समोरच्या जोत्यांवरच्या बायकांना वरून नमस्कार करत. पुढे झांजा आणि देशमुखांची पांढरी जोडी. मागे शालिकराम आणि खुशालराव, नाड्याला लोंबकळत, टाचा रोवत, चिखलाने पोटरीपर्यंत माखून. उतरणीला मोटर सुटायला बघे आणि मागून खुशालरावांचा आवाज येई, "हळू! अहो वामनराव, हळू!" वामनराव हळू करू शकत नव्हते. ते काम खुशालरावांचेच होते.

देशमुखांच्या दारात मोटर थांबली. अगदी उंबऱ्यापाशी, एक वीतही पुढे नाही. आतून बायका आरती घेऊन आल्या. आधी कोंबड्याला कुंकू लावायचे की बैलांना, यावर वाद झाला. शेषरावांनी निकाल दिला की आधी बैलाला.

खुशालरावांनी नाडा सोडला नव्हता. तळवे लाल झाले होते. पेस्तनजी मागून धापा टाकत आले आणि कौतुकाने म्हणाले, "खुशालराव! आप तो ये गाडी अकोला में लेने को मंगते थे ना?"

खुशालरावांनी जमुनाकडे पाहिले. ती पोळीचा घास मोडून बैलाला भरवत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हते, असे तिने ठरवले होते.

"नाई साहेब," ते म्हणाले. "गाडी त्याइची. आपन नुसता ब्रेक पुरवतो."

वामनराव मोटरीतून उतरले. त्यांनी नाड्याची गाठ सोडली, त्याचे दोन वेढे घातले आणि तो जावयाच्या खांद्यावर नीट ठेवला.

"फेकू नका हा नाडा, जवाईबुवा. दसऱ्याले दुसरी गाडी सेमाडोहच्या लाकडाच्या ठेकेदाराले दाखवाची हाये. तठी घाट मोठा हाये."